पोरगं काटकुळं, मग कोलेस्ट्रॉल वाढलं कसं?

मागच्या अंकात शाळकरी मुलांच्या रक्त तपासणीबद्दल दोन ओळी लिहिल्या होत्या, त्यावर खूप पत्रं आली. त्यातली चार घेतोय, बाकीच्यांची उत्तरं बहुतेक यातच मिळतील.

प्रश्न (खानापूरहून एक आई): डॉक्टर नमस्कार. माझा मुलगा 11 वर्षांचा, सहावीत आहे. एकदम काटकुळा, बरगड्या मोजून घ्या बगा. लॅबचं फॅमिली पॅकेज होतं म्हणून घरातल्या पोरांचं पण रक्त दिलं तर ह्याचं टोटल कोलेस्ट्रॉल 252 आलं, एलडीएल 185, एचडीएल 48, ट्रायग्लिसराइड 95. शेजारच्या म्हणतात लॅबची चूक असेल, एवढ्या बारीक पोराला कुठलं कोलेस्ट्रॉल. खरं ह्यांचे मोठे भाऊ 41 व्या वर्षी अटॅकनं गेले आणि सासऱ्यांची बायपास पन्नाशीत झाली, म्हणून माझ्या मनात धाकधूक आहे. तूप, दूध, अंडं सगळं बंद केलंय. अजून काय करूया सांगा की.

उत्तर: ताई, रिपोर्टच्या आकड्यांपेक्षा मी तुमच्या दिरांच्या ओळीवर जास्त वेळ थांबलो. आधी आकडे बघू. एलडीएल म्हणजे रक्तवाहिन्यांत साठणारं वाईट कोलेस्ट्रॉल, एचडीएल म्हणजे चांगलं, आणि ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबी. मुलांमध्ये टोटल 170 च्या आत आणि एलडीएल 110 च्या आत असावं, एलडीएल 130 ला पोचलं की जास्त धरतात. तुमच्या मुलाचं 185 आहे. हिशोबही जुळतोय, 252 मधून एचडीएलचे 48 आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्सा म्हणजे 19 वजा केले की 185 च येतात, म्हणजे निदान टायपिंगची चूक तरी नाही.

आता बारीक पोराला हे कसं, तर कोलेस्ट्रॉलचा मोठा भाग आपलं लिव्हरच बनवतं आणि रक्तातलं जास्तीचं एलडीएल परत ओढून घ्यायचं कामही लिव्हरच करतं, त्यासाठी त्याच्या पेशींवर एलडीएल पकडणारे रिसेप्टर असतात. काही घराण्यांत हे रिसेप्टर जन्मापासूनच कमी असतात किंवा नीट काम करत नाहीत, मग पोरगं कितीही धावलं, कितीही कमी खाल्लं तरी एलडीएल रक्तात साठून राहतं. याला फॅमिलियल हायपरकोलेस्टेरोलेमिया म्हणतात आणि हे काही लाखात एक नाही, साधारण 250 माणसांत एकाला असतं. आई किंवा बाबा एकाला असेल तर प्रत्येक मुलाला यायची शक्यता निम्मी. घरातला पुरुष 55 च्या आत किंवा बाई 65 च्या आत हार्टच्या दुखण्यात सापडली असेल आणि मुलाचं एलडीएल 160 च्या वर असेल तर आम्ही आधी हाच विचार करतो. तुमच्या घरात दोन्ही आहे.

म्हणून असं करा. दोन आठवड्यांनंतर पण तीन महिन्यांच्या आत, मुलाला ताप-सर्दी काही नसताना, उपाशीपोटी परत लिपिड प्रोफाइल करा. सोबत थायरॉइड, साखर, लिव्हरच्या टेस्ट आणि लघवीतलं प्रोटीन बघा, कारण थायरॉइड कमी असलं किंवा किडनीतून प्रोटीन जात असलं तरी कोलेस्ट्रॉल चढतं, आणि ते दुखणं बरं केलं की उतरतंसुद्धा. आणि मुलाच्या बाबांचं रक्त याच आठवड्यात तपासून घ्या, हे मी हात जोडून सांगतोय. त्यांच्या टाचेमागच्या शिरेवर, हाताच्या बोटांच्या सांध्यांवर कडक गाठ लागते का तेही बघा, पोराचंही बघा. पाठची भावंडं असतील तर त्यांचंही रक्त द्या.

दूध-अंडं बंद केलंय ते आजच चालू करा. वाढत्या अंगाच्या पोराला उपाशी ठेवून हा आकडा हलणार नाही. पथ्यानं एलडीएल साधारण दहा टक्क्यांच्या आसपास उतरतं. तळण, बेकरी कमी, भाजी-डाळ-भाकरी जास्त असं सहा महिने करून बघतात, आणि तरीही 160 च्या वर राहिलं तर साधारण 8 ते 10 वर्षांच्या पुढच्या मुलांना स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्ट्रॉल उतरवणारी गोळी देता येते. गोळी म्हटलं की आयांचा जीव खाली-वर होतो, माझ्यासमोर बसून रडलेल्या आया आहेत. पण या दुखण्यात उपचार न झालेल्या पुरुषांपैकी जवळपास निम्म्यांना पन्नाशीच्या आत हार्टचा त्रास गाठतो, आणि लहानपणीच सुरुवात केली तर ते टळू शकतं. गोळी मेडिकलमधून परस्पर आणू नका, मुलांच्या हार्टच्या किंवा हार्मोनच्या डॉक्टरांना दाखवूनच.

अजून एक, 13-14 व्या वर्षी वयात येताना एलडीएल आपोआप थोडं खाली येतं, तेव्हा रिपोर्ट बरा आला म्हणून फाइल कपाटात टाकू नका.

प्रश्न (टिळकवाडीतून एक आई): मुलगी नववीत, वजन वाढलंय, ट्रायग्लिसराइड 168 आणि एचडीएल 34. मान काळी पडलीय, कितीही घासलं तरी जात नाही. शाळा, मग ट्यूशन, मग होमवर्क, खेळायला वेळच नाही. पुढच्या वर्षी एसएसएलसी आहे. एवढं वर्ष जाऊ दे का?

उत्तर: नाही ताई, वर्ष जाऊ देऊ नका. आणि मान घासणं आधी थांबवा, तो मळ नव्हे. शरीरात इन्सुलिन जास्त लागायला लागलं की मानेची, काखेची कातडी अशी जाडसर काळी होते. तिच्या वयात ट्रायग्लिसराइड 90 च्या आत हवं आणि एचडीएल 45 च्या वर. हे चित्र वरच्या मुलापेक्षा एकदम वेगळं आहे, इथं रोजच्या सवयींचा हात मोठा, आणि आनंदाची गोष्ट ही की हेच आकडे व्यायामानं आणि खाण्यानं सगळ्यात लवकर सुधारतात. साखर एकदा तपासून घ्या.

मला तिचा दिवस सांगा म्हटलं तर बहुतेक असा निघेल: सकाळी चहा-बिस्किट, टमटमनं शाळा, येताना बेकरीतली खारी नाहीतर पफ, ट्यूशनला बाबांच्या स्कूटरवर, मध्ये ज्यूसचा डबा, रात्री दहाला भात आणि मग हातात मोबाइल. यातली गोड पेयं पहिली बंद करा, ट्रायग्लिसराइडला तीच जास्त चढवतात. ट्यूशन दोन किलोमीटरच्या आत असेल तर चालत नाहीतर सायकलवर जाऊ दे, ट्रॅफिकची भीती वाटते तर महिनाभर तुम्ही सोबत चाला, तुमचंही होईल. संध्याकाळी व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर अर्धा तास नेलंत तर फारच बरं. अभ्यासाचं नुकसान होणार नाही, तासभर हलून आलेली पोरं पुस्तकासमोर जास्त टिकतात हे मी वर्षानुवर्षं बघतोय. आणि तिच्या वजनावरून घरात कोणी बोलू नका, आत्या-मावशींनासुद्धा सांगून ठेवा. पथ्य सगळ्या घराला, तिच्या एकटीच्या ताटात नको.

प्रश्न (खानापूर तालुक्यातले एक पीटी सर): आमच्या सातवीच्या मुलांना 600 मीटर पळवलं तर निम्मी मधेच चालायला लागतात. पूर्वी हीच गावं तीन-तीन किलोमीटर चालत शाळेला यायची. त्यात पावसाळ्यात चार महिने ग्राउंडवर चिखल. काय करायचं?

उत्तर: सर, तुम्ही पोरांना पळवून बघताय हेच खूप मोठं काम आहे, बऱ्याच शाळांत पीटीच्या तासाला गणित घेतात आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. 5 ते 17 वयाच्या मुलांनी रोज सरासरी 60 मिनिटं दम लागेल असं हलावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं-स्नायूंना जोर बसेल असं काहीतरी. 600 मीटर एकदम नको. एक मिनिट पळणं, एक मिनिट चालणं, असं आठवेळा घ्या, दर आठवड्याला चालणं थोडं कमी करा. पावसात वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात दोरीउड्या, लंगडी, सूर्यनमस्कार, बैठका, याला काही सामान लागत नाही. वेळ प्रत्येकानं स्वतःच्याच जुन्या वेळेशी ताडायची, पहिला-शेवटचा नंबर लावू नका, मागं पडणारं पोरगं एकदा हसं झालं की परत पळत नाही. तालमीतली पोरं असतील तर त्यांना पुढं घ्या. व्यायामानं उंची खुंटते ही भीती पालकांना असते, नीट शिकवून घेतलेल्या दंड-बैठकांनी तसं होत नाही.

एक मात्र लक्षात ठेवा. पळताना छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडलं असं एखादं पोरगं असेल, तर तपासणी झाल्याशिवाय त्याला परत पळवू नका.

प्रश्न (निपाणीहून एक आजोबा): आमच्या वेळी पोरांचं कोलेस्ट्रॉल कोण बघत होतं? नातवाला शाळेत अंडं देतात, सून म्हणते नको. तूप पण बंद करा म्हणते. आणि तेलाच्या डब्यावर कोलेस्ट्रॉल फ्री लिहिलंय तर ते कितीही चालतं का?

उत्तर: आजोबा, कोणी बघत नव्हतं हे खरं, म्हणून दिसत नव्हतं. अमेरिकेत बोगालुसा नावाच्या गावात 1970 च्या दशकापासून मुलांचा अभ्यास झाला, त्यात अपघातानं वगैरे गेलेल्या लहान वयातल्या मुलांच्याही रक्तवाहिन्यांत चरबीचे पट्टे सापडले. सुरुवात तिथूनच होते.

नातू निरोगी असेल तर शाळेतलं अंडं खाऊ दे. खाण्यातल्या कोलेस्ट्रॉलपेक्षा सॅच्युरेटेड फॅट, म्हणजे तुपासारखी गार झाल्यावर थिजणारी चरबी, रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्ट्रॉल) जास्त वाढवते. तूप गरम भातावर चमचाभर चालेल, वाटीनं नको. कुंदा सणाला दोन चमचे खाऊ दे, फ्रिजमध्ये डबा भरून ठेवू नका. आणि कोलेस्ट्रॉल कुठल्याच झाडाच्या तेलात नसतं, शेंगदाण्याच्या नाही, पामच्याही नाही, तरी पाम तेलात जवळपास निम्मी सॅच्युरेटेड फॅट असते. तेव्हा डब्याच्या पुढच्या बाजूचं सोडून मागचा तक्ता सुनेला वाचायला सांगा, आणि भज्यांचं तेच तेल तीन-चार वेळा तापवत असाल तर ते आधी थांबवा.