खडीसाखर आधी थांबवा, आणि सगळी लक्षणं एकाच डॉक्टरांना सांगा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. पाण्याच्या घोटाशिवाय पोळीचा घास उतरत नाही, सकाळी पापण्या चिकटलेल्या असतात, दोन वर्षांत चार दाढा किडल्या, बोटं दुखतात, एएनए (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटली आहे का ते बघणारी रक्ततपासणी) निगेटिव्ह आल्यामुळे डॉक्टर म्हणाले टेन्शन कमी करा. वय ३६, दुसऱ्या बाळाचा विचार. आणि शेवटी एक ओळ, की घशाला आराम म्हणून पर्समध्ये खडीसाखरेची डबी ठेवता. त्या ओळीसाठी लिहायला बसले.

मला शोग्रेन आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते तो आजार. निदान होऊन नऊ वर्षं झाली. तुम्हालाही तेच आहे असं मी म्हणत नाही. मी डॉक्टर नाही, आणि कोरड पडायला मधुमेहापासून ॲलर्जीच्या गोळ्यांपर्यंत बरीच कारणं असतात. पण खडीसाखर आजच बंद करा. कारण काहीही निघालं तरी.

माझी चार वर्षं अशीच गेली. तोंड कोरडं पडतं म्हटलं की घरात सगळे म्हणायचे, अंगात उष्णता झालीय. सकाळी सब्जा, रात्री झोपताना गुलकंद, आणि दिवसभर गालात खडीसाखर. चघळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटायचं, म्हणून मी रात्री जाग आली तरी उशाजवळच्या डबीतून एक खडा तोंडात टाकायचे. लाळ नुसती तोंड ओलं ठेवत नाही. ती दातांवरचं आम्ल कमी करते, दातांना कॅल्शियम परत देते. तीच नसेल तर साखर दातांना तशीच चिकटून राहते. माझे दात हिरडीला लागून किडायला लागले, जिथे एरवी फारशी कीड लागत नाही. एकदा भाकरीचा तुकडा मोडताना पुढचा दात मुळाशी तुटून हातात आला. दुखलंही नाही.

त्या काळात मी गावातल्या एकाच दातांच्या दवाखान्यात जायचे. सात रूट कॅनाल, पाच कॅप, तीन दात काढले. दर वेळी एकच सांगणं, ब्रश नीट करा. मी दिवसातून तीनदा करत होते. तपासताना त्यांचा तो छोटा आरसा माझ्या गालाला आतून चिकटायचा. ओढला की गालाचं कातडं सोबत यायचं. मग ते आरसा पाण्यात बुडवायचे आणि पुढे सुरू. दर वेळी. एकदाही कोणी विचारलं नाही की बाई, तुमच्या तोंडात लाळ का नाही? पैसे गेले त्याचं मला आता फार वाटत नाही. पण चार वर्षं समोर दिसत असलेली खूण कोणी पाहिली नाही, याचा राग अजून येतो. तुमच्या दाढांचं काम जिथे चालू आहे तिथे स्वतःहून विचारा, लाळ कमी आहे का ते बघा. आणि जास्त फ्लोराइडच्या पेस्टबद्दलही विचारा. चघळायचंच असेल तर झायलिटॉलचं, बिनसाखरेचं. लिंबाच्या गोळ्या नकोत. आंबटाने लाळ सुटते खरी, पण आम्ल दातांना लागतं.

चूक त्यांची तशी माझीही. डोळ्यांचं डोळ्यांच्या डॉक्टरांना सांगायचं, दातांचं दातांच्या, बोटांचं हाडांच्या, थकव्याचं फॅमिली डॉक्टरांना. डोळ्यांच्या डॉक्टरांना पोळीचं कशाला सांगायचं, असं वाटायचं. शेजारच्या लग्नात आम्ही चौघी पाच किलो कांदा चिरत होतो. तिघींच्या डोळ्यांना धार लागलेली, माझे डोळे कोरडे ठणठणीत. सगळ्यांनी कौतुक केलं. मीही हे कुणाला सांगितलं नाही, त्यात सांगण्यासारखं काय, असं वाटलं. ज्यांच्या नावाने हा आजार ओळखला जातो ते हेन्रिक शोग्रेन स्वतः स्वीडनमधले डोळ्यांचे डॉक्टर होते. १९३३ च्या प्रबंधात त्यांनी १९ बायकांच्या केस मांडल्या, त्यातल्या १३ जणींना सांधेदुखीही होती. त्यांनी डोळ्यांपलीकडे पाहिलं म्हणून हे कळलं. तुम्ही एक कागद घ्या, डोकं ते पाय सगळं लिहा. डोळे, तोंड, दात, सांधे, कोरडा खोकला, थंडीत बोटं पांढरी पडणं, योनीचा कोरडेपणा (हे आपण कुणीच सांगत नाही, लिहाच), घरी पाय ओढत पोचावं असा थकवा. तो कागद संधिवाततज्ज्ञांना द्या. हाडांच्या डॉक्टरांना नाही, ऱ्हुमॅटॉलॉजिस्टना.

आता एएनए. तो निगेटिव्ह आला म्हणजे विषय संपला, हे मला पटत नाही. अँटी एसएसए, म्हणजे रो, ही या आजारात सापडणाऱ्या एका अँटीबॉडीची रक्ततपासणी वेगळी सांगावी लागते. एएनए निगेटिव्ह आणि एसएसए पॉझिटिव्ह असं होऊ शकतं. आणि एसएसए निगेटिव्ह आली तरी आजार असू शकतो. माझी निगेटिव्हच आहे. २०१६ पासून वापरात असलेल्या निकषांत एसएसएला ३ गुण, ओठाच्या बायोप्सीला (ओठातल्या लाळग्रंथीचा तुकडा तपासतात) ३, आणि डोळ्यांची पट्टीची तपासणी, डोळ्यांत रंग टाकल्यावर दिसणारे डाग, लाळेचं मोजमाप यांना प्रत्येकी १. चार झाले की निदान. म्हणजे नुसत्या कोरडेपणाच्या तपासण्यांवर चार होतच नाहीत, एसएसए किंवा बायोप्सी यातलं एक लागतंच. माझं निदान बायोप्सीवर झालं. पट्टीची तपासणी सोपी असते, खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवतात. ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी ओली झाली तर कोरडेपणा धरतात. माझी एका डोळ्याची दोन, दुसऱ्याची तीन.

बाळाचा विचार आहे म्हणून एसएसए आत्ताच करून घ्या, नंतर नको. ती पॉझिटिव्ह असेल तर ती अँटीबॉडी वारेतून बाळापर्यंत जाते आणि शंभरात एक-दोन गरोदरपणांत बाळाच्या हृदयाचे ठोके मंद होऊ शकतात. घाबरण्यासारखं नाही, पण प्रसूतीच्या डॉक्टरांना आधीपासून माहीत असेल तर साधारण १६ व्या आठवड्यापासून बाळाच्या हृदयावर लक्ष ठेवता येतं. ऐनवेळी कळलं तर धावपळ.

डोळ्यांच्या थेंबांबद्दल एक. दिवसातून चारापेक्षा जास्त वेळा घालत असाल तर बाटलीवर बेंझाल्कोनियम क्लोराइड लिहिलंय का बघा. ते जपवणूक करणारं रसायन कोरड्या डोळ्याला आणखी त्रास देतं. एकेकट्या छोट्या ट्यूबमध्ये मिळणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले थेंब महाग पडतात, पण तिथे काटकसर करू नका. स्कूटरवर चष्मा, एसी बसमध्ये वरची हवा बंद.

गोळ्यांचं तुमचे डॉक्टर ठरवतील. मला सांध्यांसाठी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन दिलं, सांधे सुधारले, तोंड नाही. त्यावर असताना डोळ्यांचा पडदा नियमित तपासायचा असतो. लाळेसाठी पायलोकार्पिन घेते, घाम खूप येतो, तरी घेते. दमा असेल तर आधी सांगा.

काही गोष्टींना मात्र थांबू नका. कानाखालची गाठ सुजून उतरतच नसेल, विनाकारण ताप किंवा वजन उतरत असेल, पायांवर जांभळे ठिपके आले, किंवा अचानक हातपाय उचलेनासे झाले तर लगेच दाखवा. शेवटचं माझ्यासोबत झालंय. पहाटे उठताच येईना, रक्तातलं पोटॅशियम खूप उतरलेलं होतं. सलाइन देऊन, अशक्तपणा म्हणून घरी पाठवलं. हा आजार मूत्रपिंडातूनही पोटॅशियम घालवू शकतो, हे मला दीड वर्षाने कळलं.

बायोप्सीला घाबरू नका. खालच्या ओठाच्या आतून छोटा छेद घेतात, ओठ आठवडाभर थोडा बधिर राहतो. मी तीन दिवस गार दहीभात खाल्ला. आधी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, आणि एसएसएचा रिपोर्ट आला की इथे जरूर लिहा, मी वाट बघते.