ऑडिटचा निष्कर्ष म्हणजे वसुलीचा आदेश नव्हे

प्रश्न : नाशिकला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत आमचे सुटे भाग तयार करण्याचे छोटे वर्कशॉप आहे. राज्य जीएसटीचे ऑडिट नुकतेच संपले असून साडेचार लाखांचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) चुकीचे घेतले, असा निष्कर्ष हाती आला आहे. आठवड्यात रक्कम भरा, नाहीतर बँक खाते गोठवू, असे तोंडी सांगण्यात आले. कामगारांचे पगार तोंडावर आहेत. काय करावे?

उत्तर : घाबरून पैसे भरू नका, पण निष्कर्षाचे पत्र बाजूलाही टाकू नका. जीएसटी कायद्याच्या कलम ६५ खालच्या ऑडिटचा निष्कर्ष हे अधिकाऱ्याचे म्हणणे असते आणि नुसत्या त्याच्या आधारे वसुली करता येत नाही. त्यासाठी आधी कारणे दाखवा नोटीस यावी लागते. तुमच्याविरुद्ध निर्णय होणार असेल तर कलम ७५(४) प्रमाणे सुनावणी द्यावीच लागते. मग लेखी आदेश, आणि तो मिळाल्यापासून भरण्यासाठी तीन महिने. ही मुदत कमी करायची तर अधिकाऱ्याला कारणे लेखी नोंदवावी लागतात.

खात्याच्या तात्पुरत्या जप्तीचे कलम ८३ मी मुद्दाम पुन्हा वाचले. त्यात करनिर्धारण, तपासणी-झडती आणि मागणी-वसुली या प्रकरणांखालील कारवाया येतात, ऑडिटचे प्रकरण येत नाही. त्यामुळे तुमच्या आजच्या टप्प्यावर ती धमकी कायद्याला धरून नाही. नोटीस निघाल्यावर मात्र हा अधिकार वापरता येतो, तोही आयुक्तांच्या लेखी आदेशाने.

आता प्रत्येक आक्षेपाला बिले, मालवाहतुकीची ई-वे बिले आणि पुरवठादाराला पैसे दिल्याच्या बँक नोंदी जोडून लेखी उत्तर द्या व पोच घ्या. एखादा आक्षेप खरा निघाला, तर तेवढा कर व्याजासह नोटिशीपूर्वीच भरा. फसवणुकीचा आरोप नसल्यास त्यावर सहसा दंड लागत नाही. जीएसटीचे पोर्टल रोज पाहा, कारण तेथे टाकलेली नोटीसही बजावणी ठरते.

आदेश विरुद्ध गेला तर अपिलासाठी तीन महिने आहेत. उशिराचे सबळ कारण असल्यास फार तर आणखी एक. वादातील कराचे दहा टक्के भरून अपील केले की उरलेल्या रकमेची वसुली आपोआप थांबते. अपील करायचे नसेल, तर आयुक्तांकडे चोवीसपर्यंत मासिक हप्ते व्याजासह मागता येतात. परंतु एक हप्ता जरी चुकला तरी सारी बाकी तत्काळ देय होते.