वाचक विचारतात : बोनच्या द्राक्षबागांतून पळताना

प्रश्न : दादा नमस्कार, मी पिंपळगाव बसवंतची, वायनरीत काम करते. सप्टेंबर ते डिसेंबर फ्रान्समध्ये बोन गावाला चाललीय, आधी द्राक्षांचा खुडा आणि मग सेलरचं म्हणजे वाइनच्या तळघरातलं काम. नाशिकला असले की गोल्फ क्लबवर पळते, रविवारी गंगापूर रोडने सोमेश्वरच्या पुढपर्यंत. तिकडे गावाबाहेर एकटीने पळता येईल का, कुठून जाऊ, कुत्री असतात का, पाणी कुठे मिळतं? सगळे म्हणतात बागा प्रायव्हेट आहेत, आत पाय ठेवू देत नाहीत. (एक वाचक, पिंपळगाव)

उत्तर : ताई, पहिलं म्हणजे शूज नक्की न्या, दोन जोड न्या, कारण पळणाऱ्या माणसासाठी इतकी सोयीची जागा क्वचित मिळते. बोनच्या पश्चिमेला उत्तर-दक्षिण पसरलेली एक लांबच लांब टेकडी आहे, तिचा उतार पूर्वेकडे गावाच्या बाजूला येतो. खाली सपाटीवर गाव, हायवे आणि रेल्वे, मधल्या उतारावर सगळ्या बागा आणि वरती डोक्यावर जंगल. आज किती वर जायचंय एवढं ठरवलं की रूट ठरला, मॅप उघडायचीही गरज पडत नाही, हरवलात तर उताराने खाली या, कुठलं तरी गाव लागतंच.

बागा प्रायव्हेट आहेत हे खरं, पण बागांमधल्या वाटा बहुतेक मोकळ्या आहेत आणि गावातले लोक तिथेच पळतात, सायकल चालवतात. नियम एकच, वाट सोडून वेलींच्या ओळीत शिरायचं नाही आणि घड तोडायचा नाही, खुड्यानंतर मागे राहिलेला सुद्धा नाही. तुम्ही द्राक्षवाल्या घरातल्या असाल तर हे तुम्हाला मी सांगायला नको, आपल्या बागेतून कोणी घड तोडत गेलं तर कसं वाटतं ते माहितीये. या उतारावरच्या बागांचे हजाराच्या वर छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाला वेगळं नाव, आणि २०१५ साली युनेस्कोने ते सगळे जागतिक वारशात घेतलेत, त्यामुळे तिथले लोक आपल्या तुकड्याला फार जपतात.

आता रूट. सुरुवात ‘व्हा दे व्हिन्य’ने करा, बोनपासून सांतनेपर्यंत साधारण २२ किमीचा बागांमधून जाणारा सायकलचा रस्ता आहे, जागोजागी पाट्या आहेत, बराचसा डांबरी किंवा काँक्रीटचा. जुन्या गावातून पश्चिमेला बाहेर पडलात की बुझेझ पार्क लागतं, छोटं तळं आहे, तिथूनच रस्ता धरा. चारेक किमीवर पोमार, मग जरा चढ चढून व्होलने, तिथून खाली उतरताना मरसोच्या चर्चचं दगडी टोक दिसायला लागतं, ते दिसलं की समजा आठ-नऊ किमी झाले. इथून परत फिरलात तर मस्त लाँग रन होतो. पुढे जायचं असेल तर प्युलिन्यी, शासान्य आणि सांतने, आणि सांतनेहून कालव्याच्या कडेने एकदम सपाट रस्ता शान्यीला जातो, तिथून बोनला परत यायला लोकल ट्रेन आहे, फक्त टाइमटेबल आधी बघून निघा, घाम आलेल्या अंगाने थंडीत स्टेशनवर बसायला लागलं तर आजारी पडाल.

चढ पाहिजे असेल तर गावामागचा बोनचा डोंगर, बागांमधून शंभरावर मीटर चढून जंगलात जातो आणि हवा स्वच्छ असली की वरून सोन नदीची सपाटी ओलांडून ज्युराचे डोंगर दिसतात. उत्तरेला साविन्यी गाव पण छान आहे, तिथल्या किल्लेवजा वाड्याच्या आवारात जुनी लढाऊ विमानं ओळीने उभी करून ठेवलीत, बागांमधून पळत जाऊन समोर मिग दिसलं की माणूस थांबतोच. आणि घाई असेल त्या दिवशी जुन्या तटबंदीभोवती फेरी मारा, साधारण दोन-अडीच किमीची होते. आत १४४३ साली बांधायला घेतलेलं गरिबांसाठीचं हॉस्पिटल आहे, रंगीत कौलांचं, ते मात्र पळत नको, तिकीट काढून नीट बघा.

एक गोष्ट जोर देऊन सांगतो, खुड्याच्या दिवसांत जास्त पळू नका. आपल्याकडे वाय आकाराच्या ताटीखाली किंवा मांडवाखाली उभं राहून घड काढता, तिकडे वेल कमरेएवढा आणि घड गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे दिवसभर वाकून किंवा उकिडवं बसून काम. आपण नऊ बाय पाच फुटांवर एकरी हजाराच्या आत झाडं लावतो, तिकडे एकरी चार हजाराच्या आसपास, ओळीत जेमतेम एक मीटरचं अंतर, आपला ट्रॅक्टर तिथे जाणारच नाही. म्हणून त्यांचे ट्रॅक्टर उंच पायांचे, ओळ पोटाखाली घेऊन चालतात, चाकं दोन्ही बाजूच्या पट्ट्यांत आणि ड्रायव्हर वेलीच्या वर बसलेला. असला ट्रॅक्टर अरुंद वाटेवर समोरून आला तर तुम्ही बाजूला व्हायचं, त्या दिवसांत त्यांची घाई असते आणि तो त्यांचा वर्षभराचा पैसा आहे. पहिले काही आठवडे तटबंदीची हलकी फेरी आणि भरपूर स्ट्रेचिंग, बस. गरम वर्षी खुडा ऑगस्टअखेरीसच सुरू होतो, म्हणून निघण्याआधी मालकाला तारीख विचारून घ्या.

खुडा संपला की मात्र ऑक्टोबरमध्ये भरपूर पळा, पानं पिवळी-तांबडी होतात, वाटांवर कोणी नसतं. पाऊस पडून गेल्यावर मातीच्या वाटा टाळा, चुनखडीची चिकण माती आहे, पन्नास पावलांत शूजखाली इतका थर बसतो की पाय उचलवत नाही, डांबरीच धरा.

कुत्र्यांचं टेन्शन सोडा. मोकाट कुत्री तिकडे दिसतच नाहीत म्हटलं तरी चालेल, एखाद्या घराच्या फाटकाआतून भुंकेल तेवढंच. काळजी घ्यायची ती शिकारीची आणि गोचिडांची. सप्टेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत शिकारीचा सीझन असतो, त्यामुळे रविवारी वरच्या जंगलात जाऊ नका, आणि कुठेही शिकार चालू असल्याची पाटी दिसली की परत फिरा, इतर दिवशी पण भडक केशरी जॅकेट घाला. जंगलातून आल्यावर गुडघ्यामागे, मांडीवर गोचीड चिकटलाय का ते रोज बघा, त्याने लाइम नावाचा आजार होतो, वेळेत कळलं तर गोळ्यांनी बरा होतो.

पाणी सोबतच ठेवा. गावात नळ असतात, स्मशानभूमीत तर बहुतेक असतोच, पण ‘नों पोताब्ल’ लिहिलेलं असेल तर ते प्यायचं नाही. सोमवारी बऱ्याच बेकऱ्या बंद असतात, त्यामुळे पुढच्या गावात काहीतरी खाऊ या भरवशावर निघू नका.

एकटीने पळायचं म्हणाल तर दिवसाउजेडी बिनधास्त. आपली पहाटे साडेपाचची सवय तिकडे चालणार नाही, सप्टेंबरच्या मध्यावर सूर्य सव्वासातला उगवतो, ऑक्टोबरअखेरीस तिकडे हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे घेतात, त्याच्या आधी आठ वाजून जातात, डिसेंबरमध्ये सव्वाआठ आणि संध्याकाळी पाचच्या आतच अंधार. बागांमध्ये दिवे नसतात. हेडटॉर्च न्या, कुठे जाताय ते रूममेटला सांगून जा, काही झालं तर ११२ लावा. आणि वाटेत जो भेटेल त्याला बोंझूर म्हणा, न बोलता पुढे जाणं तिकडे उद्धटपणा समजतात, शिवाय चार दिवसांत लोक ओळखायला लागतात, एकट्या माणसाला त्याचा फार आधार असतो.

प्रश्न : नोव्हेंबरमध्ये बोनला हाफ मॅरेथॉन असते म्हणे, आम्ही चौघं मित्र जायचा विचार करतोय. (इंदिरानगर)

उत्तर : असते. वर सांगितलेल्या जुन्या हॉस्पिटलच्या स्वतःच्या बागा आहेत, त्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून चालत आलाय, नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी, त्याच वीकेंडला रेस असते आणि ती बागांमधूनच जाते. त्या दिवसांत गावात खोली मिळणं अवघड, म्हणून जवळच्या दिजों शहरात राहा, ट्रेनने अर्ध्या तासाच्या आत बोन. फ्रान्समध्ये रेसच्या नावनोंदणीला आता डॉक्टरच्या सर्टिफिकेटऐवजी पीपीएस नावाचा छोटा ऑनलाइन कोर्स करावा लागतो, तो वेळेत करा. सकाळी गारठा आणि धुकं असणार, हातमोजे विसरू नका. आणि रूट चढउताराचा असणार, टायमिंगच्या मागे लागू नका.

प्रश्न : आपल्याकडे नाशिकला बागांमधून पळायला असं काही का नाही? (गंगापूर रोड)

उत्तर : वाटा आहेत हो, सावरगाव, गंगावऱ्हे, गिरणारे बाजूला शिवाररस्ते आहेतच, पण पाट्या नाहीत आणि शनिवार-रविवारी धरणाकडे आणि वायनऱ्यांकडे जाणाऱ्या गाड्यांचा वेग बघता मेन रोडवर पळायला मी कोणाला सांगणार नाही. वीकडेला उजाडल्यावर जा. शिवाररस्त्यावर शिरण्याआधी बागवाल्याला विचारा, आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट चहाला थांबवतात. फक्त ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्या जोरात असतात, ब्लोअरचा आवाज आला की त्या बाजूला जाऊच नका, दुसरी वाट धरा.