वीस वर्षं जुनी, तापणारी व्हॅन घेऊन आम्ही दोघांनी ऑस्ट्रेलियाची फेरी मारावी का?

तुमच्या प्रश्नातून मला कळलं ते असं: तुम्ही दोघं नोकरीच्या व्हिसावर मेलबर्नला आहात. पुढच्या वर्षी चार-पाच महिने मोकळे काढता येतील. वीस वर्षं जुनी व्हॅन स्वस्तात मिळते आहे आणि विकणारा म्हणतो, "जरा तापते, बाकी काही नाही." बायकोकडे भारतातलं लायसन आहे, पण इथे तिने अजून गाडी चालवलेली नाही. रस्त्यात गाडी बंद पडली तर काय, याची तुम्हाला धास्ती आहे.

मी आणि माझा नवरा अशीच एक जुनी व्हॅन घेऊन ॲडलेडहून निघालो, पश्चिमेकडून वर डार्विनपर्यंत गेलो आणि क्वीन्सलँडमार्गे परत आलो. गाडी वाटेत बंद पडलीच. तरीही माझं उत्तर "जा" असंच आहे. मात्र दोन अटी आहेत. ते "जरा तापणं" निघायच्या आधी मुळापासून दुरुस्त झालं पाहिजे. आणि परतीची तारीख पक्की करून निघू नका. जुनी गाडी कुठे ना कुठे थांबणारच. तिथे आठवडाभर मुक्काम करायची तुमची तयारी असली, तर तो प्रवासाचाच भाग होतो. पुढच्या सोमवारी ऑफिसला हजर व्हायचं असेल, तर तेच संकट वाटतं.

अंतरांचा अंदाज आधी नीट घ्या. मुख्य भूमीला वळसा घालणारा हायवे वन सुमारे 14,500 किलोमीटर लांब आहे, म्हणजे मुंबई-दिल्ली साधारण दहा वेळा. आतल्या भागात वळलात तर अंतर आणखी वाढतं. देशाच्या मध्यभागी असलेला उलुरू हा प्रचंड खडक बघायला एर्लडंडाला स्टुअर्ट हायवे (ॲडलेडकडून डार्विनला जाणारा रस्ता) सोडला की युलारापर्यंत अडीचशेच्या आसपास किलोमीटर एका बाजूचे. मेलबर्न-सिडनी पट्ट्यात राहून ही गोष्ट लक्षात येत नाही, कारण तिकडे दर अर्ध्या तासाला गाव लागतं.

खरी परीक्षा नलारबॉरला होते, म्हणजे दक्षिण किनाऱ्यालगतच्या ओसाड, सपाट पठारावर. सेडूना ते नॉर्समन हा साधारण बाराशे किलोमीटरचा पट्टा, मध्ये फक्त रोडहाउसेस. रोडहाउस म्हणजे पेट्रोल, गरम खाणं, थोड्या खोल्या आणि तंबू लावायला जागा. मेकॅनिक असेलच असं नाही. कैगुना आणि बॅलाडोनिया यांच्यामध्ये 146.6 किलोमीटर रस्ता एकही वळण न घेता जातो. आम्ही पूर्वेकडून पश्चिमेला जात होतो आणि समोरून जोराचा वारा होता. अशा वाऱ्यात जुन्या, चौकोनी तोंडाच्या व्हॅनचं इंजिन दिवसभर चढ चढत असल्यासारखं राबतं. पेट्रोल भराभर संपतं आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा हळूहळू वर सरकतो.

युक्लाला रस्ता पठारावरून खाली रो मैदानात उतरतो आणि पश्चिमेला मदुरा घाटात पुन्हा वर चढतो. त्या चढावर आमचा रेडिएटरचा वरचा होजपाइप फाटला. नवरा चालवत होता आणि काट्यावर नजर ठेवायचं काम माझं होतं. काटा हलताच आम्ही एसी बंद केला आणि हीटर पूर्ण सोडला. हीटर इंजिनातलीच उष्णता बाहेर काढतो, त्यामुळे गाडी सुरक्षित जागी घ्यायला तेवढी सवड मिळते. बॉनेटखालून वाफ आली तसं इंजिन बंद केलं. त्यानंतरचा तासभर कॅपला हात लावायचा नाही, हे लिहून ठेवा. गरम रेडिएटरची कॅप उघडली की उकळतं पाणी दाबाने अंगावर येतं. गाडी निवल्यावर नवऱ्याने जवळचा नवा होज बसवला, कूलंट भरला आणि संध्याकाळच्या आत आम्ही मुक्कामाला पोचलो. तेवढ्या वेळात तीन गाड्या आपणहून थांबून गेल्या. त्या रस्त्यावर थांबलेल्या गाडीजवळून कोणी नुसतं निघून जात नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

तो होज सोबत होता, कारण निघण्यापूर्वी आमच्या मेकॅनिकने कूलिंगचं सगळं काम एकदम करायला लावलं होतं: रेडिएटर उतरवून साफ करणं, नवा थर्मोस्टॅट, वॉटर पंप, बेल्ट. वरचा होज त्याला बरा वाटला म्हणून तो तसाच ठेवला, पण जोडीला नवीन दिला. तुमच्या व्हॅनची किंमत ठरवताना हा सगळा खर्च त्यात धरा. हेड गॅस्केट (इंजिनाच्या दोन मुख्य भागांमधलं सील) गेलेलं आहे का, हे विकत घेण्याआधी तपासून घ्या. कूलंटमध्ये ज्वलनाचा वायू मिसळतो का, हे बघायची सोपी चाचणी गॅरेजमध्ये होते. तसं निघालं तर व्हॅन कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या. दोन डॉलरमध्ये सरकारी पीपीएसआर नोंदही बघून घ्या. गाडीवर कुणाचं कर्ज बाकी आहे का, ती चोरीची किंवा अपघातात मोडीत काढलेली आहे का, ते त्यात कळतं.

मोडक्या साधनांनी हा देश पालथा घालणं इथे जुनंच आहे. मोटारीने ऑस्ट्रेलियाची पहिली फेरी 1925 साली नेव्हिल वेस्टवुड या तरुण मिशनऱ्याने केली. ऑगस्टमध्ये पर्थहून निघाला आणि डिसेंबरअखेर परत पोचला. गाडी 1923 ची, जुनीच घेतलेली छोटी सित्रोएन, आणि बऱ्याच ठिकाणी रस्ता म्हणावा असा रस्ताच नव्हता. ती गाडी आता कॅनबेऱ्याच्या राष्ट्रीय संग्रहालयाची आहे. वाट वाकडी करून बघण्याजोगी आहे.

त्याच्याही आधी इथला माल उंटांच्या पाठीवरून जायचा. त्यात आपला एक धागा आहे. 1860 मध्ये बर्क आणि विल्स यांच्या, देश दक्षिणेकडून उत्तरेला ओलांडायच्या मोहिमेसाठी चोवीस उंट कराचीहून मेलबर्नला आणले. 1866 मध्ये पोर्ट ऑगस्टाला शंभराहून जास्त उंट उतरले, तेही कराचीहूनच. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. उंटवाल्यांना इथे सरसकट "अफगाण" म्हणत, पण त्यांत बलुची, सिंधी, पंजाबी असे अनेक जण होते. ॲडलेड-डार्विन रेल्वेचं "द घान" हे नाव त्यांच्यावरूनच आलं असं सांगतात. नलारबॉरवर उंटाचं चित्र असलेली पिवळी पाटी दिसली की मला ही माणसं आठवायची. घरापासून इतक्या लांब, पाण्याचा हिशेब करत चाललेली.

आता मोठ्या बिघाडाबद्दल. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला, किंबर्ली भागात, फिट्झरॉय क्रॉसिंग हे गाव सोडल्यावर बॅटरीचा लाल दिवा लागला. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर गेला होता. अशा वेळी पंखा, एसी, रेडिओ, चार्जर सगळं बंद करायचं. पेट्रोलची गाडी नुसत्या बॅटरीवर दिवसा आणखी काही अंतर जाते. आम्हीही गेलो, पण हॉल्स क्रीकच्या अलीकडेच ती थांबली. तिथून टो-ट्रकवर घालून गावात नेली. तो भाग गावात नव्हता. बाहेरून मागवला, तो यायला आठवडा लागला.

त्या आठवड्यात भांडण झालं नाही, याचं कारण ॲडलेडलाच करून ठेवलेला एक करार. दुरुस्तीवर जास्तीत जास्त किती खर्च करायचा, तो आकडा आम्ही घरी शांतपणे ठरवून कागदावर लिहिला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवला. खर्च त्यापलीकडे गेला तर गाडी तिथल्याच भंगारवाल्याला द्यायची आणि बसने किंवा विमानाने घरी यायचं. यावर नंतर चर्चा करायची नाही. ऊन चाळिशीकडे चाललेलं, दोघं दमलेले, समोर मेकॅनिक उत्तराची वाट बघत उभा, अशा वेळी हा निर्णय घेऊ नये. एकाला गाडीचा लळा लागलेला असतो, दुसऱ्याला पैशांची काळजी असते, आणि दोघांचंही चुकत नसतं. आमचा खर्च त्या आकड्याच्या आत बसला. वाट बघताना आम्ही गावाजवळची चायना वॉल बघून आलो, जमिनीतून वर आलेली पांढऱ्या गारगोटीची नैसर्गिक भिंत. इथे 1885 मध्ये सोनं सापडलं आणि किंबर्लीतली पहिली सोन्याची धावपळ याच परिसरात झाली. व्हॅन नीट चालली असती तर आम्ही पेट्रोल भरून पुढे गेलो असतो.

टोइंगची सोय मात्र आधीच करा. दुर्गम भागात टोइंग किलोमीटरवर मोजतात आणि बिल सहज हजारो डॉलरचं होतं. प्रत्येक राज्याचा मोटार क्लब असतो, तो सभासदांच्या बंद पडलेल्या गाडीला मदत पाठवतो. तुमच्याकडे आरएसीव्ही, आमच्याकडे आरएए. एका राज्याचं सभासदत्व दुसऱ्या राज्यातही चालतं. सगळ्यात वरचा प्लॅन घ्या आणि टोइंग किती किलोमीटरपर्यंत, कच्च्या रस्त्यावर येतात का, हे सही करण्याआधी वाचा. रजिस्ट्रेशनबरोबर येणारा सक्तीचा विमा फक्त माणसांच्या इजेसाठी असतो. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान भरायला वेगळा थर्ड पार्टी विमा हवा, तो टाळू नका.

सोबत काय घ्यावं याच्या याद्या खूप मिळतील, म्हणून मी फक्त ज्याचा खरा उपयोग झाला ते सांगते. चाळीस लिटर पाणी, दोन कॅनमध्ये वेगवेगळं, म्हणजे एक फुटला तरी दुसरा राहतो. दोन स्टेपन्या. होज, बेल्ट, कूलंट, इंजिन ऑइल, फ्यूज, चिकटपट्टी, तार. यूएचएफ रेडिओ, चॅनल 40 वर लावलेला, कारण ट्रकवाले त्याच चॅनलवर बोलतात. 53.5 मीटरपर्यंत लांबीची रोड ट्रेन, म्हणजे अनेक ट्रेलर जोडलेला ट्रक, मागून येत असेल तर ड्रायव्हरशी दोन शब्द बोलून तिला पुढे जाऊ देता येतं. मोबाइलला शेकडो किलोमीटर रेंज नसते, म्हणून उपग्रहामार्फत मदतीची हाक पाठवणारा आपत्कालीन बीकन घ्या. गाडी बंद पडली आणि कोणीच दिसत नसेल तर गाडीजवळच थांबा. शोधणाऱ्यांना विमानातून गाडी दिसते, चालत निघालेला माणूस दिसत नाही. रात्री गाडी चालवू नका. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्यावर येतात, आणि जुन्या व्हॅनमध्ये पाय आणि धडक यांच्यामध्ये फारसं काही नसतं.

खाण्याचं म्हणाल तर कुकर, तांदूळ, डाळी, पोहे, मेतकूट यांवर आमचं छान चाललं. ताज्या भाज्या, फळं आणि मध घेऊन पश्चिम ऑस्ट्रेलियात शिरता येत नाही. राज्याच्या सीमेवर, बॉर्डर व्हिलेजला, गाडी थांबवून तपासतात. उलट दिशेने येताना सेडूनाला तपासणी होते. नाक्याच्या आदल्या रात्री आम्ही उरलेल्या सगळ्या भाज्यांची एकच भाजी करून संपवली.

निघायचं कधी, हे उत्तरेच्या पावसावर ठरवा. नोव्हेंबर ते एप्रिल तिकडे पावसाळा असतो. जानेवारी 2023 च्या पुरात फिट्झरॉय क्रॉसिंगचा पूलच गेला आणि मालाच्या ट्रकना देशाच्या दुसऱ्या बाजूने हजारो किलोमीटरचा वळसा पडला. नवा पूल त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुरू झाला. तुम्ही एप्रिल-मेमध्ये मेलबर्न सोडून पश्चिमेला वळलात तर जून-जुलैत ब्रूम, ऑगस्टच्या सुमारास डार्विन असं बसतं. मे ते ऑक्टोबरमध्ये नलारबॉरच्या किनाऱ्यावर हेड ऑफ बाइटला कड्यावरून देवमासे दिसतात, पिल्लांसकट. तिथे अख्खा दिवस ठेवा.

राहिला तुमच्या बायकोचा प्रश्न, आणि माझ्या मते गाडीपेक्षा तो आधी सोडवायला हवा. चालवणारा एकच असेल आणि त्याला ताप भरला, हाताला लागलं किंवा नुसती झोप यायला लागली, तर चांगली गाडीही जागेवरच उभी राहते. शिवाय जो फक्त शेजारी बसतो त्याला प्रत्येक बिघाडात भीती जास्त वाटते, कारण त्याच्या हातात काहीच नसतं. भारतातलं लायसन व्हिक्टोरियात ठरावीक मुदतीपर्यंतच चालतं, तेव्हा तिचं अजून चालतं का ते आधी बघा, नसेल तर इथलं काढायला लावा. मग तीच व्हॅन, तोच जड क्लच घेऊन तिला शनिवार-रविवार शहराबाहेर चालवू द्या. स्टेपनी बदलणं, ऑइल बघणं, जॅक कुठे लावायचा हेही तिने स्वतः करून बघावं. एकदा ग्रेट ओशन रोडने वॉर्नमबूलपर्यंत जाऊन या, निम्मं अंतर तिने चालवायचं. परतल्यावर ती आपणहून पुढच्या फेरीचा नकाशा काढत असेल तर व्हॅनचे पैसे द्या. तिला अजून नको वाटत असेल, तर एप्रिलची घाई करू नका, एक वर्ष पुढे ढकला.