शस्त्र-शंका : मशीनगन तापते तेव्हा

प्रश्न : एलएमजी (लाइट मशीनगन), एमएमजी (मीडियम मशीनगन) आणि ‘जनरल पर्पज’ म्हणजे बहुउपयोगी मशीनगन यांत नेमका फरक काय? आपल्या लष्कराकडे यांतली कोणती आहे? (एनसीसी छात्र, सातारा)

फरक गनमध्ये कमी आणि ती कशावर ठेवली आहे यात जास्त. बायपॉडवर (दोन पायांच्या टेकूवर) टेकवून एका जवानाने चालवली की ती एलएमजीचं काम करते, ट्रायपॉडवर (तीन पायांच्या घोडीवर) चढवून दोघा-तिघांनी चालवली की एमएमजीचं. तीच गन रणगाड्यात तोफेच्या बाजूला किंवा हेलिकॉप्टरच्या दारातही बसवता येते. एकाच शस्त्राकडून ही सगळी कामं करून घ्यायची पद्धत जर्मनीच्या एमजी-३४ पासून रुळली. आपलं पायदळ जिला एमएमजी म्हणतं ती मुळात बेल्जियमच्या एफएन कंपनीची, १९५० च्या दशकातली ‘मॅग’. कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीत ती बनते. आपली स्वदेशी इन्सास एलएमजी ‘जनरल पर्पज’ गटात बसत नाही, कारण ती मॅगझिनवर (काडतुसांच्या पेटीवर) चालते, काडतुसांच्या पट्ट्यावर नाही. मार्च २०२० मध्ये इस्रायलकडून १६,४७९ नेगेव एलएमजी घ्यायचा करार झाला. त्या पट्ट्यावर चालतात आणि काडतूसही मॅगचंच, ७.६२ × ५१ मिमी. आपल्याकडे लहान शस्त्रांचा दारूगोळा बनवणाऱ्या निर्माण्यांपैकी एक जळगाव जिल्ह्यात वरणगावला आहे.

प्रश्न : मशीनगनसोबत दुसरी बॅरल का बाळगतात? ती कधी आणि कशी बदलतात? (वाचक, कोल्हापूर)

मिनिटाला ८०० गोळ्या हा आकडा जाहिरातीत शोभतो. त्या वेगाने १०० राउंडचा पट्टा साडेसात सेकंदांत संपतो आणि बॅरल मिनिटभरात बदलायला येते. खरा हिशेब वेगळाच असतो. अमेरिकी सैन्य मॅगलाच एम-२४० म्हणतं. त्यांचा नियम असा : मिनिटाला १०० राउंड, सहा ते नऊ गोळ्यांचे बर्स्ट (एका दमात सोडलेल्या फैरी), मध्ये चार-पाच सेकंद थांबायचं, आणि दर १० मिनिटांनी बॅरल बदलायची. वेग मिनिटाला २०० वर नेला, तर दर दोन मिनिटांनी. हे पाळलं नाही तर बॅरलच्या आतल्या खाचा लवकर झिजतात, गोळ्या पांगायला लागतात. एकदा झिजलेली बॅरल थंड झाली म्हणून पुन्हा नीट मारत नाही.

बदलताना आधी बोल्ट (काडतूस पुढे ढकलणारा सरकता भाग) मागे घेऊन सेफ्टी लावायची, पट्टा काढायचा आणि चेंबर (बॅरलच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी बघायचं. मग खटका दाबून बॅरलचं हँडल उभं फिरवायचं आणि बॅरल पुढे ओढून काढायची. हँडल बॅरललाच जोडलेलं असल्यामुळे तापलेल्या पोलादाला हात लावावा लागत नाही. जर्मन एमजी-३ मध्ये ती सोय नाही, तिथे उष्णतारोधक हातमोजा लागतो. नवी बॅरल बसवताना हँडल परत खाली आणायचं आणि ‘टक-टक’ मोजायची. एम-२४० मध्ये दोनपेक्षा कमी किंवा सातपेक्षा जास्त आवाज आले, तर बोल्ट आणि चेंबर यांच्यातलं अंतर चुकलंय असं समजायचं आणि ती गन न चालवता कारागिराकडे पाठवायची. याच कारणाने दोन्ही बॅरल त्या-त्या गनशी जुळवलेल्या असतात. शेजारच्या गनची उसनी घेणं हा आळशीपणा अंगाशी येऊ शकतो.

वजनही बघा. पट्ट्यातले १०० राउंड साधारण तीन किलो भरतात. वरच्या संथ वेगानेही दहा मिनिटांत ३० किलो दारूगोळा संपतो, आणि तो कुणाच्या तरी पाठीवरूनच आलेला असतो.

प्रश्न : घोडा सोडल्यावरही मशीनगन चालूच राहते, असं खरंच होतं का? (वाचक, बेळगाव)

होतं. मॅग घोडा सुटला की बोल्ट मागेच अडवून ठेवते, म्हणजे चेंबर रिकामं राहतं आणि बॅरलमध्ये हवा खेळते. बोल्टला अडवणारी खाच झिजली, किंवा काजळीमुळे पिस्टन पुरेसा मागे आला नाही, तर बोल्ट अडत नाही आणि गोळ्या सुटत राहतात. अशा वेळी तोंड लक्ष्यावरून हलवायचं नाही, कव्हर उघडायचं नाही, पट्टा संपू द्यायचा. पट्टा लांब असेल तर दोन नंबरचा जवान, म्हणजे गनरचा मदतनीस, तो तोडतो.

याच्या उलट, गन अडली आणि तापलेल्या चेंबरमध्ये जिवंत राउंड अडकला, तर उष्णतेनेच तो उडू शकतो. तो लगेच बाहेर आला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला ठेवून १५ मिनिटं गनजवळ कुणी जायचं नाही.

अडण्याची बरीचशी कारणं मात्र साधी असतात : काडतुसं जोडणारी वाकलेली कडी, पट्ट्यात वाळू, किंवा लोंबकळणारा पट्टा. म्हणून दोन नंबरचा जवान पट्टा तळहातावर तोलून फीड-ट्रेच्या (पट्टा गनमध्ये शिरतो त्या भागाच्या) पातळीत धरतो. गन मंदावली की काही जण गॅस रेग्युलेटर (पिस्टन ढकलणारा वायू कमी-जास्त करणारी कळ) १ वरून ३ वर नेतात. वेग साडेसातशेवरून साडेनऊशेच्या घरात जातो खरा, पण काजळी तिथेच राहते आणि सुटे भाग लवकर खिळखिळे होतात. आधी खरवडून साफ करा.

प्रश्न : १८०० मीटरवरचा माणूस नुसत्या डोळ्यांनी धड दिसतही नाही, मग तो पल्ला कशाला सांगतात? (वाचक, ठाणे)

मॅगचा तो पल्ला ट्रायपॉडवरचा, आणि एका माणसासाठी नाही तर जागेसाठी. बायपॉडवर ८०० मीटर धरा. ट्रेसर (जळत जाऊन वाट दाखवणारी गोळी) तर ९०० मीटरच्या आसपास विझतो. पुढे मारा कुठे पडतोय ते उडणाऱ्या मातीवरून ओळखायचं.

एका बर्स्टच्या गोळ्या एकाच ठिकाणी पडत नाहीत. सपाट जमिनीवर ५०० मीटरला त्या पडतात तो जमिनीचा पट्टा सुमारे ११० मीटर लांब आणि जेमतेम एक मीटर रुंद असतो. १००० मीटरला गोळी जास्त तिरकी उतरते, म्हणून लांबी ७५ वर येते आणि रुंदी दोन मीटर होते. त्यामुळे समोरून येणाऱ्या आडव्या रांगेवर गन लावणं वाया जातं. ती बाजूला लावतात, म्हणजे जमिनीचा तो लांब पट्टा रांगेच्या लांबीवरच पडतो.

प्रश्न : रशियन पीकेएम मॅगपेक्षा एवढी हलकी कशी? (वाचक, नागपूर)

साडेसात किलो विरुद्ध अकरा-बारा. पीकेएमची बॉडी पत्रा दाबून केलेली, बॅरलही बारीक. तिचं ७.६२ × ५४ मिमी काडतूस मात्र बुडाला कडा असलेलं, त्यामुळे ते पट्ट्यातून थेट पुढे ढकलता येत नाही. आधी मागे ओढून मग चेंबरमध्ये घालावं लागतं. पट्टा उजवीकडून आत जातो. मॅगच्या कड्या सुट्या होऊन पडतात, तर पीकेएमचा पट्टा अखंड राहून दुसऱ्या बाजूने बाहेर येतो. तो परत भरून वापरता येतो.