टोमणा टाइप करण्याआधी

बाबू,

परवा तू विचारलं की माझे टोमणे लोकांना कळतच नाहीत, चूक माझी का त्यांची. बहुतेक तुझीच बे, पण ऐक.

उपरोध आपल्याला कोणी शिकवत नाही, घरातच मिळतो. दहाला उठलं की एरवी अरे-तुरे करणारी आई एकदम "उठलात का राजे, चहा इथंच आणू?" म्हणते. यात एक तरी वाईट शब्द आहे का, फक्त 'तू'चं 'तुम्ही' झालं न् तेवढ्यानं पोरगं ताडकन उठतं. इंग्रजीवाल्यांना ही सोयच नाही, त्यांचं यू ते यूच. आणि "दिवे लावले", "उजेड पाडला" हे तर इतकं घासलं गेलंय की खरं कौतुक म्हणून आता कोणी म्हणूच शकत नाही. शाळेत व्याजस्तुती अलंकार होता ना, वरून स्तुती आतून निंदा, तोच हा, तिथं आपण मार्कांसाठी पाठ केला न् घरी रोज खाल्ला.

पण खरं काय ते दोघांनाही माहीत असेल तरच हे जमतं. मे महिन्यात पारा 45 वर, आपल्या नागपुरात बर्डीच्या सिग्नलवर घाम पुसत कोणी म्हटलं "काय गारठा आहे बे", तर बाजूचा अनोळखी माणूसही हसेल. हेच पुण्याच्या मित्राला मेसेज कर, तो विचारेल, पाऊस झाला का तिकडं?

माझंच सांगतो, एका ज्युनियरनं रिपोर्ट तीन दिवस उशिरा दिला तर मी ग्रुपवर लिहिलं, "वा, काय स्पीड आहे!" त्यानं हात जोडलेला इमोजी टाकला, थँक्यू सर म्हणाला, पुढचा रिपोर्ट पाच दिवस उशिरा. समोर असतो तर 'वाऽऽ' लांबवलं असतं, भुवई वर गेली असती, टाइप करताना भुवई कुठून आणू.

आणि कोणावर मारायचा तेही बघ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे मारबतीच्या मिरवणुकीत बडगे, म्हणजे टोमणे मारणारे पुतळे, निघतात, महागाईचा, भ्रष्टाचाराचा, नेत्यांचा. चहावाल्या पोऱ्याचा बडग्या मी तरी अजून पाहिला नाही. तू त्या नव्या मुलीच्या इंग्रजीवर जे लिहिलं ते तिला बरोबर कळलं होतं, म्हणूनच ती गप्प बसली. तिला फोन कर, मेसेज नको.

बाकी रविवारी तर्री पोहे खायला यावं साहेबांनी, सवड असली तर.