दयेपोटी नको, चौकशी करून आण

प्रिय मित्रा,

शेल्टरमधून, म्हणजे बेवारस आणि सोडून दिलेल्या जनावरांच्या निवाऱ्यातून, कुत्रं किंवा मांजर दत्तक घ्यायचं तुझ्या मनात आहे, आणि 'बिचाऱ्याला घर मिळेल' हे कारण तू पहिल्याच ओळीत लिहिलंस. कारण खोटं नाही, पण तेवढ्या जोरावर बारा-पंधरा वर्षं निघत नाहीत. पहाटेची फिरणी, कुरतडलेल्या चपला, मध्यरात्रीचे जुलाब सुरू झाले की दया लवकर आटते. शेल्टरचा मोठा फायदा तुझ्या बाजूचा आहे: तिथे वाढलेलं जनावर मिळतं. दोन महिन्यांचं पिल्लू म्हणजे झाकली मूठ, ते केवढं होईल, लहान मुलांवर गुरगुरेल का, एकटं ठेवल्यावर दार ओरबाडेल का, काही सांगता येत नाही. दोन-तीन वर्षांच्या कुत्र्याची उंची आणि अंगलोट ठरलेली असते, स्वभावही बराचसा उघड झालेला असतो. आणि त्याला रोज खायला घालणाऱ्या माणसाला ते विकून नफा कमवायचा नसतो. उलट परत आलं तर त्याचंच काम वाढतं. म्हणून तो सहसा खरं सांगतो. फक्त नीट विचारावं लागतं.

'स्वभावाने कसं आहे?' असं विचारलंस तर 'खूप प्रेमळ' एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा प्रसंग विचार. खाताना भांड्याजवळ कुणी गेलं तर काय करतं? मांजर दिसलं की? नखं कापायला पंजा धरू देतं का? आधी कुणी नेऊन परत आणलं होतं का, आणि कशासाठी? हा शेवटचा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. 'घर बदललं म्हणून परत' आणि 'मुलाला चावलं म्हणून परत' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाटीवर लिहिलेल्या जातीला मात्र फार महत्त्व देऊ नकोस. मिश्र जातीचं कुत्रं नुसतं बघून केलेला अंदाज पुष्कळदा चुकतो.

पिंजऱ्यातलं रूपही पूर्ण खरं नसतं. एक भुंकलं की सगळी भुंकतात, आणि गोंगाटाने दबलेलं जनावर कोपऱ्यात अंग चोरून बसतं. पट्टा लावून शांत जागी अर्धा तास बाहेर काढू देतात का ते विचार. पहिली दहा मिनिटं ते जमीन हुंगण्यात घालवेल, घालवू दे. त्यानंतर मधून मधून तुझ्याकडे वळून बघतं का, खाऊ घेतं का, हे बघ. फार घाबरलेलं जनावर आवडीचा खाऊसुद्धा तोंडात घेत नाही. जमल्यास दोनदा, वेगवेगळ्या वेळी जा.

'मिश्र जात म्हणजे आजारच नाहीत' असं ऐकशील. तेवढं सरळ नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी २०१३ साली सत्तावीस हजारांहून अधिक कुत्र्यांच्या नोंदींवरून २४ आनुवंशिक विकार पडताळले. त्यांतले १० शुद्ध जातींमध्ये जास्त आढळले, १३ मध्ये फरक दिसला नाही, आणि गुडघ्याचा अस्थिबंध तुटण्याचा एक विकार तर मिश्र जातीतच जास्त निघाला. फायदा आहे, पण डॉक्टर सुटत नाही.

आता कागद. 'लसी झाल्यात' हे ऐकून थांबू नकोस, तारखा घे. पिल्लाला आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला निष्प्रभ करू शकते, म्हणून सोळा आठवड्यांचं होईपर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. मधलाच एक डोस झालेलं पिल्लू सुरक्षित धरू नये. नसबंदीची तारीखही हवी, कारण नर शस्त्रक्रियेनंतरही काही आठवडे मादीला गाभण करू शकतो. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा नंबर (बहुधा पंधरा आकडी) टिपून घे आणि नोंदणी स्वतःच्या नावावर करून घे. हे लोक हमखास विसरतात, आणि मग हरवलेलं जनावर सापडलं तरी फोन जुन्याच मालकाला जातो. मांजराची ल्युकेमिया विषाणूची चाचणी निगेटिव्ह असली तरी संसर्ग अगदी ताजा असेल तर ती फसते. महिनाभराने पुन्हा करून घे.

घरी आधीच जनावर असेल तर नव्याला निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेव, भांडीही वेगळी. केनेल कफ (कुत्र्यांचा संसर्गजन्य खोकला), पार्व्हो (उलट्या-जुलाबांचा विषाणूजन्य रोग) यांसारख्या रोगांची लक्षणं दिसायला काही दिवस जातात, त्यामुळे आणताना ठणठणीत दिसलं म्हणजे निरोगी असं नाही. तीच खोली त्याला सावरायलाही उपयोगी पडते. मांजर दोन दिवस पलंगाखालून बाहेर आलं नाही तरी ओढून काढू नकोस. पण खाण्यावर नजर ठेव. चोवीस तास काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरांना कळव, कारण उपाशी मांजराच्या यकृतात चरबी साठू लागते, आणि जाड मांजराला हा धोका अधिक.

कुत्र्याची गोष्ट उलटी, ते पळतं. पहिल्या काही दिवसांत दार उघडं राहिलं की भेदरलेलं कुत्रं सुसाट सुटतं, आणि त्याला अजून स्वतःचं नवं नाव आणि घर दोन्ही माहीत नसतं. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि गळपट्टा दोन्ही घाल, दोन्हींना वेगळी दोरी लाव. गळपट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेव.

शेल्टरमध्ये जे खात होतं तेच काही दिवस दे. नवं खाणं पाव, मग अर्धं, मग पाऊण असं सात ते दहा दिवसांत वाढव. एका दिवसात बदललंस की जुलाब ठरलेले, आणि मग तू उगाच लसीला किंवा शेल्टरला दोष देशील. आठवडाभर सुट्टी काढून त्याला चिकटून बसू नकोस. पहिल्या दिवसापासून दोन मिनिटं, पाच मिनिटं, वीस मिनिटं असं एकटं राहायला शिकव. नाहीतर आठव्या दिवशी तू नऊ तास गायब झालास की दाराची चौकट गेलीच म्हणून समज.

साधारण तीन दिवस बावरलेपणाचे, तीन आठवडे घराची रीत कळायचे, तीन महिने रुळायचे, असा अंदाज या क्षेत्रातले लोक देतात. नियम नव्हे, अंदाज. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात भीती ओसरली की कुरापती दिसू लागतात, आणि बरीच नवी मंडळी नेमकी तेव्हाच गडबडून जातात. त्या वेळी आधी शेल्टरला फोन कर. ते कुत्रं तिथे कशाने शांत व्हायचं, हे त्यांना ठाऊक असतं. परत घेण्याची त्यांची अट काय आहे, हेही सही करण्यापूर्वी विचारून ठेव.

मांजर की कुत्रं, ते ठरलं की कळव.